पावसाळा धरून आठ महिने: सायकलच्या आणि रोजच्या बॅगांच्या कापडाचा अनुभव

वापर जून ते जानेवारी. सायकलच्या फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी फ्रेम बॅग एक्स-पॅक व्हीएक्स२१ या थरांच्या कापडाची, सीटमागची रोल-टॉप (तोंड गुंडाळून बंद होणारी) बॅग टीपीयू या लवचिक प्लास्टिकच्या कोटिंगच्या, वेल्ड केलेल्या (न शिवता जोडलेल्या) नायलॉनची, हँडलबारचा रोल २१० डेनियर पीयू (पॉलियुरेथेन) कोटेड नायलॉनचा आणि ऑफिसची सॅक १००० डेनियर कॉर्ड्युरा या जाड नायलॉनची. रोज पुण्यातले रस्ते, सुट्टीला ताम्हिणी आणि खाली कोकण.

बॅग घेताना सगळे डेनियर विचारतात. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. कापड घासायला किती टिकेल, याचा त्यावरून अंदाज येतो. पाणी अडवण्याचं काम कोटिंगचं. कॉर्ड्युराच्या सॅकला एवढी जमिनीवर आपटूनही तळाशी नुसती लव आली आहे, भोक एकही नाही. पण बाहेरचं कापड पाणी पितं. तासभर पावसात सॅक जड होते आणि रात्रभर पंख्याखाली ठेवली तरी सकाळी दमट लागते. शिवाय खरखरीत विणीमुळे पाठीला आणि कमरेला शर्टावर गोळे येतात. पाठीकडे जाळीचं किंवा मऊ कापड असलेलीच सॅक घ्या.

व्हीएक्स२१मध्ये थर असतात: वर २१० डेनियर नायलॉन, मध्ये तिरप्या धाग्यांची जाळी आणि पॉलिएस्टरची फिल्म, आत पातळ टॅफेटा कापड. पाणी अडवते ती फिल्म. कापड ताणत नाही, त्यामुळे फ्रेम बॅग भरल्यावरही फुगून गुडघ्याला लागत नाही. फ्रेम बॅगसाठी माझी पहिली पसंती हेच. याचा शत्रू एकाच जागी पुन्हापुन्हा पडणारी घडी. तिथे फिल्म पिचते, मग थर सुटून आतून फुगे दिसायला लागतात. म्हणून रोज गुंडाळायच्या तोंडासाठी हे कापड नको, आणि वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबात नको.

खरं पाणी शिरतं शिवणीतून आणि बॅगेच्या चेनमधून (झिपमधून). ३ मिलिमीटरचा टाका धरला तर मीटरभर शिवणीत तीनशेवर भोकं होतात. शिवणीवर टेप न लावलेल्या फ्रेम बॅगेत घाटातल्या पावसात खालच्या कोपऱ्यात पाणी साचतंच. फोन आणि पॉवर बँक वेगळ्या ड्राय बॅगेत ठेवा. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकतात त्या चेनवर पीयूचा पातळ पापुद्रा असतो. तो शिंतोडे अडवतो, मुसळधार पाऊस नाही. कोकणातली तांबडी माती चेनमध्ये शिरली की रनर (चेनचा सरकणारा भाग) झिजतो आणि चेन बंद केल्यावरही मागून उघडते. दर चिखलानंतर जुन्या टूथब्रशने आणि साध्या पाण्याने दाते साफ करा. रनर सैल झालाच तर पक्कडीने त्याच्या मागच्या कडा दोन्हीकडून हलकेच दाबा. यावर काही महिने निघतात, मग रनर बदलावाच लागतो.

शिवण नकोच असेल तर वेल्ड केलेली टीपीयू. सीटमागची बॅग आठ महिन्यांत आतून एकदाही ओली झाली नाही, चाकाचा सगळा चिखल खाऊनही. तोंड किमान तीन वेळा गुंडाळा. दोनच वेळा गुंडाळलं की पाणी आत येतं. हिची झीज सीटपोस्टला टेकते त्या जागी दिसते. दोघांच्या मध्ये वाळूचे कण अडकतात आणि पॉलिश पेपरसारखं घासतात. बॅग घट्ट आवळा, फ्रेमवर पारदर्शक संरक्षक टेप लावा.

पट्ट्यांकडे कोणी बघत नाही, तिथेच घोळ होतो. नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की लांबतं. कोरडा असताना कसलेला हँडलबारचा रोल भिजल्यावर खाली उतरून पुढच्या चाकाला लागू शकतो. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी घेत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. पट्टे पॉलिएस्टरचे मागा. नसतील तर भिजल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून पुन्हा कसा.

हा २१० डेनियरचा रोल सगळ्यात कमी पडला. गिअर आणि ब्रेकच्या केबल जिथे टेकतात तिथे कोटिंग उडालं. आता तिथे जाड रबरी कापडाचा तुकडा शिवला आहे, आतून शिवणीवर सीलंट (भोकं बुजवणारा लेप). अशा दुरुस्तीत एक चूक सर्रास होते: सिलिकॉन कोटेड कापडावर पीयूचा सीलंट किंवा साधी टेप धरत नाही, त्याला सिलिकॉनचाच सीलंट लागतो. ओळखायचं कसं? आतल्या बाजूला सेलोटेपचा तुकडा दाबून बघा. नीट चिकटला तर बहुधा पीयू, सहज निसटला तर सिलिकॉन.

पीयू कोटिंग दमट उबेत मरतं. ओली बॅग गुंडाळून माळ्यावर टाकली की काही महिन्यांनी आतून चिकट होते, आंबूस वास येतो आणि पापुद्रे सुटतात. त्यावर उपाय नाही, कोटिंग गेलं ते गेलं. धुवायचं ते कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, सॉफ्टनर न घालता. वाळवायचं आतली बाजू बाहेर काढून, सावलीत. मग तोंड उघडं ठेवून खुंटीला टांगायचं.