पोळ्या लाटता लाटता ऐकलेल्या मालिका

आमचा टीव्ही पुढच्या खोलीत आणि मी मागे, गॅससमोर. संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ माझ्या हातात लाटणं असतं. ऑर्डरच्या रोज साठ-सत्तर पोळ्या, शनिवारी-रविवारी जास्त. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी मालिका बघत नाही, ऐकते. पोळी तव्यावर पडली की मान लांब करून एखादा चेहरा दिसतो, तेवढंच. बाकीचं सासूबाई सांगतात. म्हणजे सांगतात असं त्यांना वाटतं. "अगं, आली बघ ती!" "कोण, आई?" "तीच गं, हिरव्या साडीची." झालं.

पण कानांनी मालिका पाहिल्या की एक गोष्ट पटकन कळते: कोण नुसतं वाक्य म्हणतंय आणि कोण बोलतंय. साडी, दागिने, बंगल्याचा जिना, यातलं काहीच माझ्यापर्यंत पोचत नाही. पोचतो तो आवाज.

'ठरलं तर मग' मी ऐकत राहिले ती पूर्णाआजीसाठी. सायली-अर्जुनचं कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, मधुभाऊंची केस, खोटी तन्वी, हे सगळं डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं आणि मूळ तमिळ 'रोजा' मालिकेवरून आलंय, म्हणजे वळणं काही आपल्या घरची नाहीत. पण पूर्णाआजी झालेल्या ज्योती चांदेकर बोलायला लागल्या की मालिकेतलं सुभेदारांचं घर आपल्याच गल्लीतलं वाटायचं. रागावताना त्या आवाज चढवायच्या नाहीत, उलट थोडा खाली आणायच्या. आमच्याकडे सासूबाईंचं अगदी असंच आहे, त्यामुळे मला इकडे पोळपाटाशी बसूनही धाक वाटायचा. १६ ऑगस्ट २०२५ ला त्या गेल्या. त्या दिवशी बातम्या मी पुढे जाऊन, उभं राहून बघितल्या.

नंतर पूर्णाआजी म्हणून रोहिणी हट्टंगडी आल्या. पहिले काही दिवस माझ्या कानांनी त्यांना घरात घेतलंच नाही. रोहिणीताईंचं बोलणं कसं, प्रत्येक शब्द निवडून पाटावर मांडल्यासारखं. उत्तमच, पण पूर्णाआजी थोडी कमी निवडून बोलायची. शिवाय माझ्यासाठी त्या अजून 'चार दिवस सासूचे'मधल्या आशालता देशमुखच आहेत, त्याला मी तरी काय करू? मात्र त्यांनी जुन्या आजीची नक्कल केली नाही, हे मला आवडलं.

त्याच 'चार दिवस सासूचे'मधली सोसणारी सून म्हणजे कविता लाड. आणि २०२३ मध्ये 'तुला शिकवीन चांगलाच धडा' सुरू झाली तेव्हा हीच बाई भुवनेश्वरी होऊन सासू म्हणून गरजायला लागली! मला आधी ओळखूच आली नाही. सासूबाईंनी नाव सांगितलं तेव्हा लाटणं थांबलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या सासूपणाचं ऐकून घेतलं, ते सगळं तिने या आवाजात साठवून ठेवलं असावं. शिकलेल्या सुनेशी, अक्षराशी, बोलताना वाक्याच्या शेवटी जो एक तुटक झटका द्यायची, तो ऐकून मी मनातल्या मनात दोनदा म्हणून बघितलाय. (घरात वापरलेला नाही.)

'लक्ष्मी निवास'चं मात्र मला झेपत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा रोज तासाभराचा भाग. हर्षदा खानविलकर आणि तुषार दळवी दोघंच घराबद्दल, पैशांबद्दल बोलतात ते प्रसंग फार छान असतात. दोघं एकमेकांचं वाक्य मध्येच तोडतात, जुनं जोडपं तोडतं तसं. पण मग त्यांचा जावई जयंत येतो. बायकोला "जानू" म्हणतो ते इतकं गोड, इतकं हळू, की माझ्या पाठीवर काटा येतो. मेघन जाधवचं काम चोख आहे, प्रश्नच नाही. पण तेच भय किती महिने ताणायचं? लेखकाला वाटतं प्रेक्षक घाबरलाय म्हणून बसलाय. प्रेक्षक पोळ्या संपायच्या आहेत म्हणून बसलाय.

पार्श्वसंगीताबद्दल न बोललेलंच बरं. ढ्यँऽऽ झालं की मला कळतं, आता चार चेहरे तीन-तीनदा दाखवणार. तेवढ्यात माझी एक पोळी दोन्ही बाजूंनी भाजून होते. उलट ते मनातलं मोठ्यानं बोलणं असतं ना, घुमणाऱ्या आवाजातलं, ज्याला सगळे हसतात, त्याचा मला फार उपयोग होतो. आणि दाराआडून चोरून ऐकणाऱ्या पात्रांना मी कसं नावं ठेवू? मीही तेच करतेय.

'बिग बॉस' कानांनी बघता येत नाही, सहाजण एकदम ओरडतात. २०२४ च्या पाचव्या पर्वात त्या गलक्यातून एकच आवाज वेगळा काढता यायचा, बारामतीकडच्या सूरज चव्हाणचा. त्याचं ते "गुलीगत" ऐकलं की सासूबाई आतल्या आत हसायच्या. जिंकलाही तोच.

'हास्यजत्रे'ला, त्या विनोदी कार्यक्रमाला, माझं पीठ संपत आलेलं असतं. समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार जोडीनं असायचे तेव्हा नुसत्या आवाजांच्या चढउतारावर मी हसायची. त्याच विशाखाताई पुढे 'शुभविवाह'मध्ये खलनायिका झाल्या. ऐकताना मी सारखी विनोदाची वाट बघायची, आणि तो येत नाही म्हणून जास्तच भीती वाटायची. नम्रता संभेराव 'हास्यजत्रे'तल्या लॉली या पात्राचा आवाज काढते तेव्हाही बघायची गरज पडत नाही. मात्र हल्ली परीक्षकांचं हसू इतक्या लगेच येतं की पुढचं वाक्य त्यात बुडतं. बघणाऱ्याला चालत असेल, ऐकणाऱ्याचं नुकसान होतं.

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ऑर्डर नव्हती. 'लक्ष्मी निवास' लागलं तेव्हा हात पुसत पुढे जाऊन बसले. जयंतचा चेहरा पहिल्यांदाच नीट, सलग बघितला. साधा, देखणा, आपल्या ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलासारखा.

"आई, हा जयंत?" मी विचारलं.

"मग! तुला काय वाटलं होतं?"

मी दहा मिनिटं बसले आणि उठून आत गेले. सकाळच्या डब्यांसाठी कणीक भिजवायची होतीच. तिथून तो पुन्हा "जानू" म्हणाला, आणि पुन्हा काटा आला.