मका एकीकडे, कॉन्सन्ट्रेट दुसरीकडे: वनराजाच्या तीन लॉटनंतर

कोंबड्यांना धान्य आणि कॉन्सन्ट्रेट (प्रथिनं, खनिजं, जीवनसत्त्वं यांचं दाट मिश्रण) वेगवेगळं घालणं करारावरच्या ब्रॉयलरवाल्यांना जमणार नाही, त्यांना कंपनीचंच खाद्य घालावं लागतं. आम्ही फलटणजवळ वनराजा या सुधारित जातीच्या कोंबड्यांचे २००-२०० पिल्लांचे लॉट चिकनसाठी वाढवतो. गेले आठ महिने तयार खाद्य बंद करून एका फीडरमध्ये अख्खं धान्य आणि दुसऱ्यात कॉन्सन्ट्रेट ठेवतोय. किती काय खायचं ते कोंबडीनं ठरवायचं.

पहिला लॉट माझ्या घाईनं बिघडला. तीन आठवड्यांच्या पिल्लांचं स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) एका दिवसात काढलं आणि अख्खा मका ठेवला. काहींनी चोचच लावली नाही, बाकीची नुसत्या मक्यावर राहिली. मक्यात प्रथिनं जेमतेम ८-९ टक्के, त्यातही लायसिन कमी. वाढ खुंटली, पाखरं एकमेकांची पिसं उपटू लागली. ती पिल्लं बघवत नव्हती. कोणत्या खाद्यानं काय मिळतं हे पाखरू खाऊनच शिकतं, आणि त्याला दिवस लागतात.

दुसऱ्या लॉटला दहाव्या दिवसापासून स्टार्टरवर मूठभर ज्वारीचा भरडा टाकत गेलो, मग अख्खी ज्वारी, मका शेवटी. पाचव्या आठवड्यात फीडर वेगळे केले, पण अगदी शेजारी-शेजारी. कॉन्सन्ट्रेटचा फीडर एकच होता तेव्हा दांडगे नर दुबळ्यांना हुसकावायचे. दुसरा टांगल्यावर वजनं बरीच सारखी आली.

खरी गंमत एप्रिलमध्ये पाहिली. ऊन वाढलं तसा मका उरायला लागला, कॉन्सन्ट्रेट मात्र फारसं उरेना. मक्यातून मुख्यतः ऊर्जा मिळते आणि ती पचवताना अंगात उष्णता होते. पाखरांनी तीच कमी केली. तयार खाद्यात असं वेगळं काढता येत नाही, खाणं घटलं की प्रथिनंही घटतात. उन्हाळ्यासाठी तरी ही पद्धत मी सोडणार नाही.

अख्खं धान्य दळायला पेठ्याला, म्हणजे कोंबडीच्या दळणाऱ्या पोटाला, खडे लागतात, म्हणून नदीची बारीक खडी वेगळ्या डब्यात ठेवतो. पाखरं कापल्यावर पेठा मोठा आणि घट्ट निघतो, गिऱ्हाईक तो आवर्जून मागतं.

तीन गोष्टी सांभाळा. सोयाबीन कच्चं घालू नका. त्यातले घटक प्रथिनं पचू देत नाहीत, भाजलेलं किंवा पेंडच घ्या. मका दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा, बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खातं. आणि कॉन्सन्ट्रेटची पूड उडते, तरी ती भिजवू नका. मी भिजवली होती, संध्याकाळपर्यंत आंबली.

वाढ तयार खाद्यापेक्षा आठवडाभर मागे राहते. पण मका-ज्वारी घरची, भरडायची मजुरी नाही, विकत फक्त कॉन्सन्ट्रेट. चौथ्या लॉटची पिल्लं परवा आली, भरडा तयार आहे.