२०० किलोमीटरच्या राइडला खिशात काय न्यावं: चिक्की, राजगिरा वडी, खजूर की बटाटा?

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड; २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. पायांची तयारी दोन-तीन महिने चालते, खिशाची मात्र आदल्या रात्री दहा वाजता. शरीरात साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, जोरात पेडल मारलं तर दीड-दोन तासच पुरतं. पुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जात राहिली नाहीत तर बॉंक, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपणं, ठरलेला. नऊ तास सीटवर काढणार असाल तर एकूण ४०० ग्रॅमच्या आसपास धरा. ज्यांना पाकिटातलं एनर्जी जेल नको आणि चावून खायचं आहे, त्यांच्यासाठी ही तुलना.

चिक्कीपासून सुरुवात करतो, कारण पुण्या-मुंबईकडच्या सायकलवाल्याचा हात आधी तिच्याकडेच जातो. चव उत्तम, टिकते, उन्हातही सहसा वितळत नाही. पण शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. १०० ग्रॅम चिक्कीत कर्बोदकं साधारण ५० ग्रॅम, आणि चरबी २५ ग्रॅमच्या घरात. ही चरबी पोटात रेंगाळते. सपाट रस्त्यावर निवांत चाललात तर काही बिघडत नाही, घाटात मात्र अंगावर येते. खंबाटकी चढताना मी चिक्कीचा तुकडा तोंडात टाकला होता. धाप लागलेली असताना चावणं जमेना, एक कण घशात गेला, असा ठसका लागला की उतरून उभं राहावं लागलं. तेव्हापासून चिक्की मी फक्त थांब्यावर खातो.

तिच्या जागी राजगिरा वडी घ्या, असं मी अगदी ठामपणे सांगेन. गूळ तोच, पण दाण्याऐवजी लाह्या. कर्बोदकं १०० ग्रॅमला ७५ च्या आसपास आणि चरबी अगदी थोडी. तोंडात टाकली की विरघळायला लागते, त्यामुळे चढावरही खाता येते. लाडू घेऊ नका, जर्सीच्या मागच्या खिशात त्याचा भुगा होतो. चपटी वडी घ्या आणि एकेक वडी बटर पेपरमध्ये वेगळी गुंडाळा. पावसाळ्यात ती सादळते आणि तोंड कोरडं असेल तर टाळूला चिकटते, म्हणून प्रत्येक वडीमागे पाण्याचे दोन घोट.

खजूर तिच्या तोडीचा आहे. छोटे पाच खजूर म्हणजे २५ ते ३० ग्रॅम कर्बोदकं. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, आणि आतड्यात दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी शोषली जातात, त्यामुळे कोंडी होत नाही. बिया आदल्या रात्रीच काढून ठेवा. पण दिवसभर फक्त खजुरावर राहू नका, त्यातला चोथा दुपारी पोटात गडबड करतो.

केळं सोबत नेऊच नका, वाटेत घ्या. साधं मध्यम केळं २५ ग्रॅम देतं, वेलची केळं त्याच्या निम्मं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ७५ किलोमीटरसाठी केळी खाणारे आणि स्पोर्ट्स ड्रिंक पिणारे सायकलपटू यांच्या वेळेत फरक पडला नव्हता. खिशात मात्र त्याचा लगदा होतो.

आता बटाटा. पाचव्या-सहाव्या तासाला गोड पदार्थ समोर आला तरी मळमळतं. भूक असते, पण घास उतरत नाही, आणि बॉंक बहुतेकदा इथेच होतो. अशा वेळी मीठ आणि जिरेपूड लावलेले लिंबाएवढे उकडलेले बटाटे ज्याने खाल्लेत तो पुन्हा ते घरी विसरत नाही. घामातून गेलेलं मीठही भरून निघतं. इलिनॉय विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात बटाट्याचा लगदा सायकलपटूंना जेलइतकाच उपयोगी पडला, मात्र पोट फुगल्याची तक्रार जास्त होती. उणीव वजनाची आहे: १०० ग्रॅम बटाट्यात कर्बोदकं फक्त २० ग्रॅम, म्हणजे सगळी बेरीज यावर बसवता येत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात चार तासांच्या आत संपवा.

एक गंमत बघा: राजगिरा, खजूर, केळं, बटाटा, सगळे उपासाचे पदार्थ. राइडच्या आदल्या दिवशी किराणा दुकानात उपासाच्या फळीपाशी गेलात की निम्मं काम तिथेच होतं.

एनर्जी बार घ्यायचा असेल तर वेष्टनाची मागची बाजू वाचा. दुकानात समोर मांडलेले बरेचसे प्रोटीन बार असतात. ते राइडनंतरचे, राइडमधले नाहीत. बारमागे २५ ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं असतील तर एवढे पैसे घालवू नका. चॉकलेटचा थर असलेला बार उन्हाळ्यात बोटांना लागतो, मग ब्रेक लिव्हरला. वडापाव शेवटच्या थांब्यानंतर, राइड संपल्यावर.

पहिल्यांदाच जाणार असाल तर माझी मांडणी अशी: पहिले चार तास राजगिरा आणि खजूर आलटून पालटून, मग बटाटे (एप्रिल-मेत मात्र ते चार तासांच्या आतच), आणि टपरी दिसेल तिथे केळं. हे सगळं आधी ८० किलोमीटरच्या रविवारच्या राइडला खाऊन बघा, कारण पोट प्रत्येकाचं वेगळं. जानेवारीत राइड असेल आणि घरी गूळपोळ्या झाल्या असतील तर राजगिऱ्याच्या जागी बिनधास्त त्याच न्या. तूप न लावता, चार तुकडे करून; दोन दिवस खिशात राहिल्या तरी त्यांना काही होत नाही.