शुगरच्या माणसाचं ताट आणि सल्ला देणाऱ्याची डिग्री: कोणाचं कुठवर ऐकावं?

"ताई, आता कोनाचं आयकू?" मामेबहिणीनं फोनवर विचारलं. तिच्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. भंडारा जिल्ह्यातलं धानाचं गाव, वय अठ्ठावन्न, आणि रोवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आलेली. घरात चार सल्ले एकाच वेळी येऊन पडले होते. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन गोळ्या होत्या आणि खाली "भात बंद" असं लिहिलं होतं. कोणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या व्हिडिओत एक डॉक्टर दिवसातून दोनदाच जेवायला सांगत होते. ओळखीच्या एका माणसानं प्रथिनांच्या पावडरचा डबा आणून दिला होता आणि महिनाभरात गोळ्या सुटतील असं सांगितलं होतं. सासूबाईंचं म्हणणं होतं, आपले बापजादे भात आणि लाखोळीची डाळ खाऊनच जगले, तेच खा.

बहिणीचा प्रश्न खरं तर एवढाच होता की यातला शिकलेला कोण, म्हणजे त्याचं ऐकते. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. माझं मत आधीच सांगते. डिग्री बघायचीच, पण सगळीकडे सारखी कडक नाही. सल्ला चुकला तर काय बिघडेल आणि बिघडलेलं परत नीट होईल का, हे आधी विचारायचं. जवसाची चटणी खा म्हणणाऱ्याला मी काहीच विचारणार नाही, कारण तो चुकला तरी चटणीच खाल्ली जाईल. गोळी बंद करा म्हणणाऱ्याला मात्र नाव, डिग्री, नोंदणी क्रमांक, सगळं विचारीन.

केंद्रातले डॉक्टर आणि मोबाइलमधले डॉक्टर

केंद्रातल्या डॉक्टरांची मोठी बाजू अशी की त्यांनी मामाजींना तपासलं आहे. रक्ताचा रिपोर्ट त्यांनी पाहिला, कोणती गोळी चालू आहे ते त्यांना माहीत आहे, आणि काही झालं तर त्यांच्यापुढे परत जाऊन उभं राहता येतं. कमजोर बाजूही आहे. एमबीबीएसच्या अभ्यासात आहाराला फारच थोडी जागा मिळते, आणि ओपीडीच्या गर्दीत एका माणसाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. त्यातून "भात बंद" अशी चिठ्ठी निघते. मामाजींचं उत्तर होतं, "भातच सोडला तं रोवन्याले ताकत कुठून आनू?" त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. गोळीच्या बाबतीत या डॉक्टरांचा शब्द शेवटचा धरावा. ताटाच्या बाबतीत त्यांना पुन्हा जाऊन विचारावं, किती भात, कशासोबत. जिल्हा रुग्णालयात आहारतज्ज्ञ असतात, पण आपण विचारल्याशिवाय तिकडे कोणी पाठवत नाही.

आता मोबाइलमधले डॉक्टर. दोनदा जेवण्याचा विचार महाराष्ट्रात घरोघरी नेला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, आणि ते त्याचं श्रेय देतात डॉ. श्रीकांत जिचकारांना. जिचकार आपल्या विदर्भातले, काटोलकडचे. एमबीबीएस, एमडी, वकिली, आयपीएस, आयएएस, आमदार. वीसेक पदव्या असलेला माणूस म्हणून आजही त्यांचं नाव घेतात. दुसरीकडे ऋजुता दिवेकर, पोषण हा विषय रीतसर शिकलेल्या. त्या थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं खा म्हणतात. काही वर्षांपूर्वी या दोन मतांवरून घराघरात वाद रंगले होते. डिग्रीवरूनच निकाल लावायचा असता तर हा वाद मिटायलाच नको होता, कारण डिग्री दोन्हीकडे होती.

अशा वेळी कागद बाजूला ठेवून ऐकणाऱ्याकडे बघावं लागतं. दोनदा जेवून वजन उतरलेली माणसं मी पाहिली आहेत. ती बहुतेक बसून काम करणारी होती, गोळ्या न घेणारी. मामाजींच्या दोन गोळ्यांपैकी एक ग्लिमेपिराइड आहे. ही गोळी शरीरातल्या इन्सुलिनला जोर देते, माणूस जेवला असो वा नसो. सकाळी ती घेऊन दुपारपर्यंत पोटात काही नाही, वर चिखलात वाकून रोवणी, म्हणजे शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बांधावर एकटा असलेल्या माणसाला हे झालं तर ते जिवावर बेतू शकतं. इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यालाही हाच धोका. मेटफॉर्मिन ही शुगरचीच गोळी एकटी चालू असेल तर तो बराच कमी. दीक्षित स्वतः सुरुवातीलाच उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर) तपासून घ्यायला सांगतात. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या दोन मिनिटांच्या तुकड्यात तपासणी गळून पडते आणि "दोनदाच जेवा" तेवढं उरतं. म्हणून व्हिडिओतला डॉक्टर खरा असला, शिकलेला असला, तरी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी गोळीची मात्रा केंद्रात विचारून घ्यायची. ही अट मी कोणासाठीही सोडणार नाही.

डिग्री कशातली आहे, हेही पाहावं. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांना दोन नोबेल मिळाली, १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं. १९७० पासून ते सांगत राहिले की भरपूर व्हिटॅमिन सी घेतलं की सर्दी होत नाही. जगानं ऐकलं, कारण नाव मोठं होतं. पुढे तपासण्या झाल्या, तेव्हा सर्वसाधारण लोकांची सर्दी त्यानं टळत नाही असं दिसलं; फार तर ती किंचित लवकर उतरते. म्हणून हाडाचे डॉक्टर पोटाबद्दल बोलू लागले की मी ते ऐकते, पण दुसऱ्या कोणाला विचारल्याशिवाय घरात लागू करत नाही.

डबा

डब्यावर मी फार वेळ घालवणार नाही. तो आणणाऱ्याला गावात "कोच" म्हणतात, आणि त्याची कमाई डब्यावर आहे. सल्ला आणि विक्री एकाच हातात असली की डिग्री असूनही मी एक पाऊल मागे सरते. इथे तर डिग्रीच नाही. माझ्या स्वतःच्या आईला अशाच एका कोचनं गोळ्या थांबवायला लावल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात तिला दवाखान्यात भरती करावं लागलं, शुगर चारशेच्या वर गेली होती. त्या वेळी मी नागपूरला होते आणि मला कोणी कळवलंही नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही, हे मी लपवत नाही.

डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक असतो, तो दाखवून "सरकारमान्य" म्हणतात. तो व्यवसायाचा परवाना आहे. पावडरनं शुगर बरी होते असं त्यातून कोणी प्रमाणित केलेलं नसतं. उलट मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जी आहार मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतही प्रथिनांच्या पावडरी टाळायला सांगितलं आहे.

प्रथिनांची ही ओढ नवी नाही. १९६० च्या दशकात जगातले मोठमोठे तज्ज्ञ गरीब देशांत प्रथिनांचा दुष्काळ आहे असं म्हणत होते. त्याला ठामपणे हरकत घेणाऱ्यांत डॉ. पां. वा. सुखात्मे होते. ते सातारा जिल्ह्यातले आणि पेशानं संख्याशास्त्रज्ञ. डॉक्टर नव्हते, आहारतज्ज्ञही नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की गरिबाला मुळात पोटभर अन्नच मिळत नाही, ते मिळालं तर प्रथिनांची तूट बरीचशी आपोआप भरते. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांवर एकमत झालं नाही. पण या मुद्द्यावर जगाला त्यांच्याकडे वळावं लागलं. त्यांच्या हातात आकडे होते आणि ते कोणालाही तपासता येत होते, म्हणून बाहेरचा माणूस असूनही त्यांना ऐकावं लागलं. आमच्या कोचकडे तपासता येईल असं काय आहे, तर कोणाचे तरी आधीचे आणि नंतरचे फोटो.

सासूबाई आणि लाखोळी

सासूबाईंचा सल्ला मला सगळ्यात विचार करायला लावणारा वाटला, कारण लाखोळीच्या वादात पूर्व विदर्भानं हाच प्रश्न साठ वर्षं अंगावर झेललेला आहे. धान कापणीला येण्याआधीच ओलीत लाखोळीचं बी फेकायचं, उतेरा म्हणतात आमच्याकडे. ना नांगर, ना खत, फुकटात डाळ. १९६१ मध्ये केंद्र सरकारनं तिची विक्री बंद केली. लाखोळीत ओडॅप नावाचं द्रव्य असतं, त्यानं पाय लुळे पडतात आणि पडलेले पाय परत उभे राहत नाहीत. मध्य प्रदेशातल्या रीवा-सतना भागात मजुरांना मजुरी म्हणून हीच डाळ मिळायची, दुष्काळात तीच पोटभर खाल्ली जायची, आणि माणसं पांगळी व्हायची. तज्ज्ञ खोटं बोलत नव्हते.

पण आमच्याकडची म्हातारी माणसंही खोटं बोलत नव्हती. ती म्हणायची, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातो, आमच्यात कोण पांगळा आहे? त्यांच्या ताटात लाखोळी भाताच्या बाजूला असायची, जोडीला भाजी असायची. डाळ भिजवून पाणी फेकलं की विष बरंच उतरतं, आणि ही पद्धत काही घरांत होती. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. २००८ मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली. केंद्र सरकारच्या नियमांत ती राहिली. दरम्यान कृषी शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवरा असे कमी ओडॅपचे वाण काढले.

यात जिंकलं कोण? माझ्या मते तज्ज्ञांना विष कळलं होतं, पण ताट कळलं नव्हतं. घरच्यांना ताट माहीत होतं, पण दुष्काळात तीच डाळ मुख्य अन्न झाली तर काय होईल हे आपल्या घरापुरत्या अनुभवातून कळण्यासारखं नव्हतं. म्हणून सासूबाईंचं मी असं घेते: वाटीभर लाखोळी, भिजवून, पाणी फेकून, अधूनमधून, इतर डाळींसोबत. "बापजादे हेच खाऊन जगले" यात मात्र एक गोष्ट सुटते. बापजादे दिवसभर चालत होते, आणि तिन्ही वेळ पांढरा तांदूळ त्यांच्या नशिबात नव्हता.

डिग्री नाही, पण शिकवण आहे

आशाताईला लोक हलक्यात घेतात, दहावी शिकलेली म्हणून. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं गावातल्याच कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, इंजेक्शनसुद्धा. ३९ गावांत हे काम केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली, आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आला: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्या बायांकडे डिग्री नव्हती. पण शिकवण ठरलेली होती, वरून देखरेख होती आणि मोजमाप होतं. आशाताई बाळाला सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, मध-घुटी नको म्हणते, तेव्हा तिच्या मागे हे सगळं उभं असतं. तिथे मी आजीपेक्षा तिचं ऐकते. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल एवढं सांगायलाच हवं, कारण तो आमच्या जिल्ह्यांत बऱ्याच घरांत आहे. "रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे" हा सल्ला इतरांना चालून जातो. वारंवार रक्त चढवलेल्या सिकलसेलच्या मुलाच्या शरीरात लोह आधीच साठत असतं. त्याला तपासणीशिवाय लोह देऊ नये. इथे डॉक्टरच हवा, दुसरं कोणी नाही.

डिग्री तपासायची कशी, तर "डॉ." एवढ्यावर थांबू नये. एमबीबीएस, बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) की पीएचडी, ते विचारावं. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो; एमबीबीएस डॉक्टरांचा तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत पाहता येतो. "न्यूट्रिशनिस्ट" ही पाटी मात्र आजवर कोणीही लावत आला आहे. २०२१ च्या कायद्यानं पोषणतज्ज्ञांची नोंदणी आणायचं ठरवलं, पण तेवढ्यानं पाट्या बदललेल्या नाहीत. तिथे शिक्षण कुठे आणि किती वर्षांचं झालं, हे सरळ विचारावं.

बहिणीच्या घरी शेवटी असं ठरलं. दोन्ही गोळ्या चालू. डबा परत गेला, अर्धे पैसे मिळाले. दोनदा जेवण्याचं रोवणी संपेपर्यंत नाही. नंतर करायचं असेल तर केंद्रात विचारून. भात सुटला नाही, दोन वेळचा एकेक मूद कमी झाला, आणि त्या जागी डाळ, भाजी आणि आठवड्यातून तीन अंडी आली. मामाजींनी जेवण झाल्यावर बांधापर्यंत चालत जायचं कबूल केलं. एचबीए१सी तीन महिन्यांनी, पोळा झाल्यावर. तो रिपोर्ट घेऊन ती मला फोन करणार आहे.