पिल्लाच्या तोंडावर अचानक चट्टे आले तर: घरी थांबायचं, ट्यूब लावायची का दवाखाना गाठायचा?

कुत्र्याच्या पिल्लाच्या डोळ्याभोवती नाहीतर ओठाच्या कडेला केस गेलेला चट्टा दिसला की घरात चार माणसं पाच उपाय सांगतात, आजीची हळद, शेजाऱ्याचं गाडीचं जळकं ऑइल, निपाणीकडचा पाहुणा आला असला तर तंबाखूचं पाणी, आणि मेडिकलवाला तर ट्यूब काढून काउंटरवर ठेवतोयच. हळदीनं फार काही बिघडत नाही आणि सुधारतही नाही. पण जळकं ऑइल आणि तंबाखू ह्या दोन गोष्टी आत्ताच डोक्यातनं काढून टाका, कारण पिल्लू पंजानं तोंड पुसतंय आणि मग तोच पंजा चाटत बसतंय, म्हणजे तोंडाला लावलेलं सगळं पोटात, आणि निकोटिन म्हणजे कुत्र्याला विषच. अजून एक, 2022 ला आपल्याकडं गुरांत लम्पी आला तेव्हापासनं कुठल्याही जनावराच्या अंगावर गाठ दिसली की लोकांना तेच आठवतंय. लम्पी गाई-म्हशींचा रोग आहे, कुत्र्याला होत नाही, ती भीती सोडा.

मग खरे पर्याय राहिले चार. घरी थांबून बघणं, मेडिकलची ट्यूब, सरकारी जनावरांचा दवाखाना, आणि बेळगावातलं एखादं प्रायव्हेट पेट क्लिनिक. यातला कुठला बरा हे चट्टा कसला आहे त्यावर ठरतंय, म्हणून आधी तेच बघू.

चट्टा कसला?

पिल्लाच्या तोंडावर सर्रास दिसतो तो डेमोडेक्स. आपण सरसकट लूत म्हणतो त्यातलाच एक प्रकार, पण सगळ्यात गरीब. हा किडा केसाच्या मुळात राहतोय, पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत आईला चिकटून दूध पितंय तेव्हाच तो तिच्याकडनं येतोय, आणि थोडाफार तर चांगल्या कुत्र्यांतही असतोयच. तीन ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लाची ताकद जरा कमी पडली, जंत झाले, खाणं नीट नाही, असं काही झालं की किडे वाढतात आणि डोळ्याभोवती, ओठाच्या कोपऱ्यात, पुढच्या पायावर केस जाऊन गुलाबीसर चट्टे पडतात. खाज जवळजवळ नसतेच. चट्टे चार-पाचच्या आत असले तर दहातल्या नऊ पिल्लांचं सहा ते आठ आठवड्यांत आपोआप बरं होतंय, आणि माणसाला हा लागत नाही. मुधोळ हाउंडसारखं आखूड केसाचं पिल्लू असलं तर चट्टा पहिल्याच दिवशी डोळ्यात भरतोय, झुबकेदार केसाच्या पिल्लाचा मात्र वाढेपर्यंत दिसतच नाही, म्हणून "रात्रीत आला" वाटतंय.

दुसरा नायटा, म्हणजे बुरशी. गोल चट्टा, कडेला कोंडा, केस तुटल्यासारखे. खानापूरकडच्या पावसात सगळं ओलं ओलं असतंय तेव्हा ह्याला बळ मिळतंय. हा घरातल्या माणसांना लागतो, पोरांना तर लगेच, आणि गळलेल्या केसांतनं बुरशी घरात महिनोन्महिने टिकून राहती. पोराच्या मानेवर नाहीतर हातावर गोल लाल कडं दिसलं असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा, अर्धं निदान तिथंच होतंय.

खरी खरूज वेगळी. तिच्यात पिल्लू रात्रभर खाजवतंय, कानाच्या कडा आणि कोपरं खरखरीत होतात, आणि घरच्यांनाही अंगावर बारीक पुरळ येऊन खाज सुटती. ओठावर किंवा तोंडाच्या आत खरखरीत पांढरट चामखिळी आल्या असल्या तर तो बहुतेक वेळा व्हायरस, एक-दोन महिन्यांत, कधी जास्त दिवसांनी, आपोआप गळून जातात, फक्त खाताना रक्त यायला लागलं तर दाखवायचं.

आणि एक असा आहे की ज्यात थांबून चालत नाही. तीन आठवडे ते चार महिन्यांच्या पिल्लाचे ओठ, पापण्या, हनुवटी अचानक सुजतात, पुळ्या फुटून चिकट पाणी येतंय, जबड्याखालच्या गाठी हाताला लागतात, पिल्लू मलूल पडतंय आणि खाणं सोडतंय. डॉक्टर ह्याला पपी स्ट्रँगल्स म्हणतात. त्यात स्वतःच्या शरीराची प्रतिकारशक्तीच अंगावर उलटलेली असती, आणि उशीर झाला तर तोंडावर व्रण राहतात, कधी जिवावरही बेततंय.

गांधीलमाशीनं डसलं तर सूज तासाभरात येती आणि बहुतेकदा दिवसभरात उतरती. उलटी, धाप, हिरड्या पांढऱ्या पडणं असलं काही दिसलं तर मात्र लगेच गाडी काढा.

ट्यूबचं गणित

मेडिकलमध्ये "खाज-नायट्याची ट्यूब" मागितली की जी मिळती तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि जोडीला क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, असतंय. दोन दिवसांत लाली कमी होती आणि आपल्याला वाटतंय भारी औषध मिळालं. पण डेमोडेक्सवर आणि नायट्यावर स्टेरॉइड म्हणजे रोगालाच खतपाणी, वरनं गुलाबीपणा जातोय आणि खाली किडे नाहीतर बुरशी पसरत जाती, चार चट्ट्यांचे चाळीस होतात. आणि गंमत बघा, पपी स्ट्रँगल्समध्ये मात्र डॉक्टर स्टेरॉइडच देतात, तेच मुख्य औषध, आणि तेही पुरेशा डोसनं पोटातनं, ट्यूबनं नाही. एकच औषध एका पिल्लाला वाचवतंय आणि दुसऱ्याला बिघडवतंय, म्हणजे काउंटरवर उभं राहून ठरवण्यासारखं हे कामच नाही. माझं मत विचाराल तर चारांतला हा पर्याय सरळ बाद.

त्याच माळेतलं अजून एक. घरात गाई-म्हशी असल्या की गोचिडाचं अमिट्राझ नाहीतर आयव्हरमेक्टिनची बाटली असतीच, आणि "थोडंसं पिल्लाला लावूया" हा मोह होतोय. अमिट्राझ चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला चालत नाही. आयव्हरमेक्टिन गुरांच्या मापानं टोचलं तर पिल्लू झिंगून पडू शकतंय, आणि कोली, शेल्टी असल्या जातींना तर ते थोडं जास्त झालं तरी जिवावर येतंय.

घरी थांबणं की दवाखाना

घरी थांबणं हा आळस नव्हे, काही वेळा तोच बरोबर पर्याय आहे. पिल्लू खातंय, उड्या मारतंय, चट्टे एक-दोन, खाज नाही, सूज नाही, घरात कुणाला काही नाही, एवढं सगळं जुळलं तर दोन आठवडे काहीच लावू नका, जंताचं औषध राहिलं असलं तर तेवढं द्या, आणि दर दोन दिवसांनी त्याच जागेवर त्याच उजेडात चट्ट्याशेजारी रुपयाचं नाणं धरून फोटो काढा. "वाढला का?" ह्याचं उत्तर आठवणीतनं कधीच नीट येत नाही, फोटोत लगेच कळतंय. वाढला किंवा नवा आला की थांबणं संपलं.

सरकारी दवाखाना स्वस्त आणि जवळ, तालुक्याला आहेच, मोठ्या गावांतही असतोय. पण खेड्यातल्या डॉक्टरचा सगळा दिवस गाई-म्हशींच्या मागं जातोय, गोठ्यावर गेले की दवाखान्यात कोण नसतंय, म्हणून सकाळी लवकर आणि शक्यतो विचारूनच जा. जाताना एकच प्रश्न विचारायचा, "डॉक्टर, खरवडून स्लाइड बघतासा काय?" म्हणजे चट्ट्याची कातडी खरवडून काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात काय. हो म्हणाले तर प्रायव्हेटला जायची गरजच नाही. चिठ्ठीवर डोस कन्नडमध्ये लिहिला असला आणि आपल्याला वाचता येत नसलं तर लाजू नका, तिथंच कंपाउंडरकडनं मराठीत वदवून घ्या आणि कागदावर लिहून घ्या, कारण अर्धी गोळी आणि अर्धा एमएल यात घोळ झाला तर तो पिल्लाच्याच अंगावर येतोय.

प्रायव्हेट क्लिनिकचा फायदा मायक्रोस्कोप आणि वेळ. टेबलावर पिल्लू धरायचं, डॉक्टर चट्ट्याची कातडी चिमटीत दाबतात म्हणजे मुळातले किडे वर येतात, तेलाचा थेंब लावलेल्या बोथट ब्लेडनं हलकं रक्त ओलावेपर्यंत खरवडतात आणि तो चोथा काचेवर पसरतात. डेमोडेक्स असला तर विडीसारखा लांबुळका, आखूड पायांचा किडा मायक्रोस्कोपखाली वळवळताना दिसतोय, बघायला द्या म्हणालात तर बरेच डॉक्टर दाखवतात पण. नायट्याचा संशय असला तर अंधारात निळ्या दिव्याखाली केस बघतात, हिरवट चमकले तर बुरशी, पण चमकले नाहीत म्हणून बुरशी नाही असं नसतंय, मग केस कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला, जातात आणि त्याला दोन-तीन आठवडे लागतात. पिल्लू धरताना दात किंवा नख लागलं तर पंधरा मिनिटं साबणानं धुवा आणि रेबीजच्या सुईचं डॉक्टरला विचारा, पिल्लू लहान आहे म्हणून सोडू नका.

खर्चात प्रायव्हेट महाग, हे खरं. तरी सूज असली, पिल्लू खात नसलं, घरात तान्हं बाळ किंवा पोरांना चट्टे असले, नाहीतर चट्टे पाचाच्या वर गेले असले तर मी सरकारीची सकाळ व्हायची वाट बघणार नाही. बाकी सगळ्यात आधी सरकारी, स्लाइड होत नसली तरच पुढं. कोल्हापूर-मिरजेला पळायची गरज क्वचितच, पिल्लाला दोन-तीन तास गाडीत डचमळवून नेऊन तिथंही पहिलं काम हेच, खरवडणं.

डेमोडेक्स अंगभर पसरलेला निघाला तर आता फ्लुरालानर, अफोक्सोलानर असल्या गोळ्या देतात, पिल्लाचं वय आणि वजन बघूनच, दोन किलोच्या आतल्याला नाही. त्यानं केस लवकर येतात आणि इथंच लोक थांबतात. केस आले म्हणजे किडे गेले असं नाही, महिन्याच्या अंतरानं दोनदा स्लाइड कोरी आली की मगच डॉक्टर औषध बंद करतात, तेव्हा पहिल्या दिवशीच दोन्ही वेळचा स्लाइडचा खर्च किती ते विचारून ठेवा.