डेली की मंथली? लेन्स घेण्याआधी डबीचा विचार करा

नंबरात सिलिंडर (म्हणजे दृष्टिवैषम्याचा नंबर) नसेल किंवा अर्ध्यापर्यंतच असेल, तर डेली (रोज नवी) आणि मंथली (महिनाभर तीच) कॉन्टॅक्ट लेन्समधून दिसण्यात सांगण्यासारखा फरक पडत नाही. फरक पडतो तो लेन्स काढल्यानंतर. मंथली वापरून मी डेलीवर आलो ते लेन्स भिजत ठेवायच्या एका डबीपायी, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो.

मंथलीचं रात्रीचं काम असं: हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करायचे, तेही धागे न सुटणाऱ्या कापडाला पुसून. लेन्स तळहातावर घेऊन सोल्यूशनचे तीन-चार थेंब टाकायचे, प्रत्येक बाजू बोटानं हलकेच चोळायची, मग सोल्यूशनच्याच धारेनं धुऊन डबीत ताज्या सोल्यूशनमध्ये बुडवायची. न चोळता नुसतं भिजवलं तर अश्रूंतली प्रथिनं लेन्सवर साचत जातात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी धूसर दिसायला लागतं. सकाळी डबी रिकामी करून सोल्यूशननं विसळायची, पुसायची, झाकणं काढून पालथी ठेवायची. डबी तीन महिन्यांनी फेकायची. बाटली उघडली की तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. बहुतेक सोल्यूशनं त्यानंतर 90 दिवसांच्या आत संपवायची असतात.

हे सगळं रोज, झोप डोळ्यांवर असताना करायचं. चूक होते ती इथेच. कालच्या सोल्यूशनमध्येच आजचं थोडं ओतलं जातं, म्हणजे जंतू मारायची ताकद घटते. नाहीतर डबी सरळ नळाखाली धरली जाते. नळाच्या, विहिरीच्या, नदीच्या पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. डबीच्या तळाशी बुळबुळीत थर धरला की तो तिथे तग धरतो आणि लेन्सबरोबर बुबुळावर जातो. तो संसर्ग फार दुखतो, उपचार महिनोन्महिने चालतात, नजरही जाऊ शकते. पंचगंगेत किंवा तलावात पोहायला जाताना लेन्स घरी ठेवायची ती याचसाठी. 2019 च्या पुरात कोल्हापूरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली आणि शहर टँकरवर आलं. अशा दिवसांत तर कुठलीच लेन्स नको, चष्माच बरा.

डेलीत ही डबीच नाही. रात्री काढली की कचऱ्यात टाकायची, बेसिनमध्ये नव्हे. आणखी एक फायदा आपल्याकडे विशेष: मिरची हाताळलेलं बोट. तिखटाचा जाळ तेलात विरघळतो, नुसत्या पाण्यानं हटत नाही. आधी बोटांना तेल चोळा, मग भांड्यांच्या साबणानं दोनदा धुवा. तरीही लेन्सला तिखट लागलंच, तर डेली फेकून मोकळं होता येतं. मंथली महिन्याच्या मध्यावर फेकायला जीव होत नाही आणि माणूस तीच पुन्हा घालतो.

पैशांचा हिशेब वापरावर ठरतो. मंथलीचा महिना पाकीट फोडल्यापासून मोजायचा, घातलेल्या दिवसांचा नव्हे. आठवड्यातून दोनदाच घालणाऱ्याला महिन्याला आठ-नऊ डेली जोड्या पुरतात. रोज बारा तास घालणाऱ्याला मात्र मंथली, सोल्यूशन धरूनही, बहुधा स्वस्तच पडेल. डेली पातळ असते, बोटावर उलटी होते, नख लागलं की फाटते, हेही खरं.

सिलिंडर पाऊण किंवा जास्त असेल तर टोरिक, म्हणजे सिलिंडरची लेन्स लागते, आणि इथे मंथलीचं पारडं जड होऊ शकतं. डेली टोरिकमध्ये सिलिंडर आणि ॲक्सिस (सिलिंडरची दिशा) मोजकेच मिळतात; सव्वादोनच्या वर किंवा तिरका ॲक्सिस असेल तर अनेकदा मंथलीशिवाय पर्याय उरत नाही. टोरिक 10 अंश फिरली की सिलिंडरची साधारण एक तृतीयांश दुरुस्ती वाया जाते, म्हणून नुसत्या कागदावरच्या नंबरावर ती मागवू नका. केराटोकोनस (बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा आजार) असेल तर हा वादच गैरलागू. तिथे सहसा आरजीपी (कडक) किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) लेन्सचा विषय येतो. चाळिशीनंतरच्या मल्टिफोकलमधून (दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्समधून) रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसू शकतात. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी ती अंधारातच तपासून बघावी.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत काम असेल तर दोन्हींवर सेफ्टी गॉगल हवाच. धुळीचा कण लेन्सखाली अडकतो आणि बुबुळ खरवडतो.

चष्म्याचा नंबर चारच्या वर असेल तर तोच लेन्सला चालत नाही: उणे सहाच्या चष्म्याला लेन्स साधारण उणे साडेपाचची लागते. दुकानात ट्रायल घालून पंधरा-वीस मिनिटं बसा. मग पापणी मिटून उघडा. प्रत्येक वेळी दिसणं क्षणभर हलून स्थिर होत असेल तर लेन्स सैल आहे किंवा टोरिक फिरते आहे. ती जोडी घेऊ नका, दुसऱ्या बेस कर्व्हची (लेन्सच्या आतल्या बाजूच्या वक्रतेची) मागा.