सहा सेशनचा आंतरधर्मीय कोर्स केला, एका कावळ्यासाठी पैसे वसूल

आधीच सांगते, मी ज्यू आहे आणि 'सर्वधर्म' टाइप कार्यक्रम म्हटलं की माझ्या कपाळावर आठी येते, कारण शेवटी सगळे हात धरून एक गाणं म्हणतात आणि आपापल्या घरी जातात. तरी हा ऑनलाइन कोर्स लावला. सहा सेशन, दीड-दीड तासाचे, ज्यू, ख्रिश्चन आणि मुस्लिम असे तिघांचेही ग्रंथ एकत्र बसून वाचायचे. नाव देत नाहीये, कारण खाली तक्रारी पण आहेत.

पद्धत त्यांची स्वतःची नाही. स्क्रिप्चरल रीझनिंग म्हणतात तिला, पीटर ऑक्स हे ज्यू आणि डेव्हिड फोर्ड, डॅनियल हार्डी हे अँग्लिकन, या अभ्यासकांनी 1990 च्या दशकात सुरू केली. एक विषय घ्यायचा, तिन्हीकडचे छोटे उतारे समोर ठेवायचे आणि प्रश्न विचारत वाचायचं, कोणाला काही पटवून द्यायचं नाही. आम्हाला यातलं अर्धं ओळखीचंच आहे, दोघांनी समोरासमोर बसून एकाच ओळीवर तासभर भांडायचं याला हव्रुता म्हणतात, फक्त इथे समोरचं माणूस दुसऱ्या धर्माचं.

पहिले दोन सेशन ठीकठाक. दुसऱ्यात कद्दिश (देवाचा महिमा सांगणारी आमची प्रार्थना) आणि येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना शेजारी शेजारी ठेवली होती, दोन्हीकडे देवाचं नाव पवित्र मानलं जावो आणि त्याचं राज्य येवो, ऐकायला छान वाटतं, पण तिथून पुढे कोणी गेलंच नाही.

तिसरं सेशन मात्र, काय सांगू. विषय काइन आणि हाबेल, म्हणजे आदाम आणि हव्वाचे मुलगे, काइन हाबेलला मारतो ती गोष्ट. मिश्ना म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा जुना कायद्याचा ग्रंथ, त्यात सन्हेद्रिन या न्यायालयावरच्या भागात 4:5 ला खुनाच्या खटल्यात साक्षीदारांना दम कसा द्यायचा ते आहे, बाबांनो चुकीची साक्ष द्याल तर बघा, हाबेलच्या गोष्टीत 'रक्त' हा शब्द हिब्रूत अनेकवचनी आहे, म्हणजे त्याचं रक्त आणि त्याच्या पुढच्या न जन्मलेल्या पिढ्यांचं पण (मराठीत रक्ताचं अनेकवचन करायची सोयच नाही, तिथे मी अडकले, पार्टनरला समजावता समजावता दहा मिनिटं गेली). आणि मग ते प्रसिद्ध वाक्य येतं, एक जीव घालवला त्याने अख्खं जग घालवलं, एक जीव वाचवला त्याने अख्खं जग वाचवलं. आता कुराण, सूरा 5, आयत 32, जवळजवळ तेच वाक्य, आणि सुरुवातच अशी की आम्ही बनी इस्राईलसाठी (इस्राएलच्या वंशजांसाठी) हे ठरवून दिलं. आणि ते येतं कुठे, तर या दोन भावांच्या गोष्टीला अगदी चिकटून!

माझी पार्टनर मुस्लिम होती, ती म्हणाली हो पण तुमच्याकडे कावळा कुठेय? कुराणात खून झाल्यावर भावाचं प्रेत कसं लपवायचं हे खुन्याला कळत नाही, तेव्हा अल्लाह एक डोमकावळा पाठवतो, तो जमीन उकरून दाखवतो. मी म्हटलं आहे की, आमच्याकडे पण आहे, पिर्के दे-रब्बी एलिएझर नावाच्या मिद्राशमध्ये (बायबलमधल्या गोष्टी खुलवून सांगणारा ग्रंथ). शोधून काढलं, वाचलं, तर तिथे कावळा आपल्या मेलेल्या जोडीदाराला पुरतो आणि ते बघून शिकतात कोण, तर आदाम आणि हव्वा. म्हणजे तिच्याकडे मारणारा शिकतो, माझ्याकडे पोरगं गमावलेले आईबाप शिकतात. आम्ही दोघी गप्प. बरं, हा मिद्राश साधारण आठव्या शतकातला मानतात, म्हणजे कुराणानंतरचा, त्यामुळे 'त्यांनी आमच्याकडून घेतलं' असं छाती फुगवून म्हणायची सोय पण राहिली नाही. आणि तेवढ्यात टायमर संपला, ब्रेकआउट रूम धाडकन बंद, वाक्य अर्ध्यात. दर वेळी हेच झालं. वीस मिनिटात काय होतं हो?

तक्रारी. शिकवणाऱ्या बाईंनी स्लाइडवर ते एक जीवाचं वाक्य टाकलं तेव्हा बऱ्याच छापील आवृत्त्यांमध्ये 'इस्राएलमधला एक जीव', म्हणजे फक्त ज्यू, असं आहे हे सांगितलंच नाही. काही जुन्या हस्तलिखितांत ते शब्द नाहीत, हे खरंय आणि चांगलंय, पण मग तेच सांगा ना, लपवता कशाला? तालमूदमध्ये (मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) सन्हेद्रिन 59अ ला एक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, म्हणतात की परधर्मीयाने तोरा (आमचा मूळ धर्मग्रंथ) शिकली तर तो मृत्युदंडाला पात्र, आणि त्याच पानावर रब्बी मेइर म्हणतात तो महायाजकासारखा आहे. आंतरधर्मीय कोर्समध्ये हे पान नको तर कुठे हवं? मी चॅटमध्ये टाकलं, 'इंटरेस्टिंग!' असा रिप्लाय आला आणि पुढची स्लाइड.

पाचव्यात हेशेल आणि सोलोवेचिक या दोन अमेरिकन रब्बींबद्दल होतं. 1960 च्या दशकातच, व्हॅटिकन ज्यूंबद्दलची भूमिका बदलत असताना, हेशेल कॅथलिकांशी जाऊन बोलत होते आणि सोलोवेचिक म्हणत होते समाजकार्य एकत्र करू, श्रद्धेवर वाटाघाटी नको. बाईंनी सोलोवेचिकना व्हिलन करून टाकलं. मला ते अजिबात पटलं नाही, त्या माणसाला भीती होती की बहुसंख्यांसमोर बसलं की अल्पसंख्य माणूस आपोआप मऊ बोलायला लागतो, आणि खरं सांगू, पहिल्या सेशनमध्ये मी तेच करत होते.

सहाव्यात 'शेवटी सगळे एकच' सुरू झालं आणि हो, गाणं पण झालं. मी कॅमेरा बंद केला.

पाच पैकी साडेतीन स्टार. अर्धा कावळ्याचा. पार्टनरशी अजून मेसेज चालू आहेत, सध्या अब्राहामने बळी द्यायला नेलेला मुलगा कोण यावर, आमच्याकडे इसहाक, कुराणात नावच नाही आणि ती म्हणते इस्माईल.

आणि एक राहिलंच, चौथं सेशन शुक्रवारी संध्याकाळी ठेवलं होतं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा आमचा विश्रांतीचा दिवस. माझं हुकलं, रेकॉर्डिंग बघावं लागलं. फीडबॅक फॉर्ममध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं तर परवा मेल आला, सूचनेबद्दल आभार, पुढच्या बॅचला शुक्रवार पूर्ण काढलाय, सगळी सेशन आता शनिवारी सकाळी.